कादंबरीचा वाचनदौरा : उतारा निवडण्यापासून उरलेल्या प्रती मोजण्यापर्यंत

दौरा आखायला बसलं की बहुतेक कादंबरीकार आधी नकाशा उघडतात. कोणती गावं घ्यायची, कुठं कोण ओळखीचं आहे, किती दिवस लागतील. वाचायचं काय, हे मात्र पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ठरतं, आणि तेही पुस्तक चाळता चाळता. हा क्रम उलटा करा. दौरा म्हणजे एकच वाचन नीट बसवणं आणि ते निरनिराळ्या खोल्यांत, निरनिराळ्या माणसांपुढे पुन्हा पुन्हा करणं. ते बसलेलं नसेल तर आठ गावं फिरून आठ वेळा तीच चूक होते. म्हणून या लेखात आधी उतारा, मग खोली आणि माईक, आणि त्यानंतर प्रवास.

उतारा निवडणं

कादंबरीतला सर्वांत सुंदर उतारा बहुधा वाचायच्या कामाचा नसतो. आपल्याला आवडतो तो परिच्छेद म्हणजे तीन पानांचं पावसाचं वर्णन किंवा नायिकेच्या मनातली घालमेल. डोळ्यांनी वाचणारा तिथं रेंगाळतो, मागे जाऊन एखादी ओळ पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. दोन मिनिटांत त्याचा हात मोबाईलकडे जातो.

कानाला धरून ठेवणारा उतारा बहुतेक वेळा असा असतो: एकच जागा, बोलणारी पात्रं दोन, फार तर तीन, आणि शेवटाला पोचेपर्यंत काहीतरी बदललेलं. भांडण सुरू झालेलं, खोटं उघडं पडलेलं, कुणीतरी दाराबाहेर गेलेलं. तो पुस्तकाच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागातला असावा, म्हणजे पुढचं गुपित फुटत नाही आणि मागचं फार सांगावंही लागत नाही. पार्श्वभूमी सांगायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर तो उतारा सोडून द्या. पहिल्या मिनिटाभरात लोकांना हसायची एखादी संधी मिळाली तर फार बरं. हसलेली खोली पुढची दहा मिनिटं तुमच्या बाजूने ऐकते.

शेवट नेहमी प्रकरणाच्या शेवटावरच करायला हवा असं नाही. दार वाजतं, पण कोण आलंय ते सांगायच्या आधीच्या ओळीवर थांबा.

लांबी शब्दांत मोजू नका, घड्याळावर मोजा. माईकवर सावकाश, कळेल असं मराठी वाचायला मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्दांचा हिशेब धरावा. म्हणजे ८ मिनिटांच्या उताऱ्याला सुमारे ८५० शब्द. पण प्रत्येकाची चाल वेगळी असते, शिवाय घाबरलेला माणूस भरभर वाचतो. मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून तीनदा वाचा आणि आलेली वेळ उताऱ्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. ती पुढे उपयोगी पडते.

एकाच उताऱ्याच्या किंवा वेगवेगळ्या उताऱ्यांच्या तीन लांब्या तयार ठेवा: ४, ८ आणि १५ मिनिटांची. चार लेखकांच्या कार्यक्रमात ‘तुम्हाला ७ मिनिटं’ असं सांगितलं तर त्यात मंचावर चढणं आणि दोन वाक्यांची ओळखही धरलेली असते. तिथं वाचन ५ मिनिटांचंच. एकट्याचा तासाभराचा कार्यक्रम असला तरी सलग २० मिनिटं वाचू नये. ६-७ मिनिटांचे दोन तुकडे, मधे बोलणं, मग प्रश्नोत्तरं, आणि अगदी शेवटी मिनिट-दोन मिनिटांचा एक छोटा तुकडा राखून ठेवावा. प्रश्नोत्तरं हळूहळू विरत जातात, आणि शेवटचा प्रश्न सहसा सगळ्यांत कंटाळवाणा असतो. त्यानंतर पुन्हा पुस्तकातल्या आवाजावर संपवलं तर लोक पुस्तक डोक्यात घेऊन उठतात.

छापलेला मजकूर कानासाठी नव्याने बसवणं

पुस्तकात छापलंय तेच शब्दशः वाचलं पाहिजे असा नियम नाही. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने १८५८ पासून पैसे घेऊन जाहीर वाचनं सुरू केली, तेव्हा त्याने स्वतःच्या कादंबऱ्यांच्या वेगळ्या वाचनप्रती करून घेतल्या होत्या. त्यात मजकूर बेधडक कापलेला, ओळी जोडलेल्या, आणि समासात कुठे आवाज चढवायचा, कुठे हात उचलायचा याच्या खुणा. स्वतःच्याच पुस्तकावर एवढी कात्री चालवायला लेखकाला जड जातं, पण ऐकणाऱ्याला ती दिसत नाही.

मराठीत ही काटछाट जास्तच लागते, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं. मधे ‘करत’, ‘असलेल्या’, ‘न पाठवलेल्या’ अशी धातुसाधितं साचत जातात आणि ऐकणारा क्रियापदाची वाट बघत श्वास धरून बसतो. समजा, पुस्तकात असं वाक्य आहे:

‘तुला काय वाटतं, मी विसरले असेन?’ हातातली किल्ली टेबलावर ठेवत, खिडकीतून बाहेर बघत उभ्या असलेल्या आणि गेल्या नऊ वर्षांत एकही पत्र न पाठवलेल्या भावाकडे न बघता सुमनने विचारलं.

पानावर हे चालून जातं. ऐकताना मात्र कोण बोललं हे अगदी शेवटी कळतं, आणि तोवर प्रश्न हवेत विरून गेलेला असतो. वाचनप्रतीत ते असं करा:

सुमनने किल्ली टेबलावर ठेवली. भाऊ खिडकीतून बाहेर बघत उभा होता. नऊ वर्षांत त्याचं एक पत्र नव्हतं. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, ‘तुला काय वाटतं, मी विसरले असेन?’

बोलणाऱ्याचं नाव बोलण्याआधी आलं, नऊ वर्षांना स्वतःचं वाक्य मिळालं, आणि प्रश्न शेवटी गेल्यामुळे त्याच्यापुढे आपोआप शांतता पडते. ती शांतता मोडायची घाई करू नका. मनात दोन आकडे मोजा, मग पुढची ओळ.

आणखी काही जागा तपासा. अवतरणचिन्हं, तिरका टाइप आणि दोन प्रसंगांमधली मोकळी ओळ कानाला दिसत नाहीत, म्हणून प्रसंग बदलतो तिथं ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असं एखादं जोडवाक्य घाला. सुमन, सुधा आणि सुलभा एकाच प्रसंगात असतील तर दोघींना नात्याने संबोधा: थोरली बहीण, शेजारीण. सलग संवादातले ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ काढून टाकता येतात, मात्र मग आवाजाने नाही तर नजरेने फरक दाखवा. एक पात्र बोलताना सभागृहाच्या थोडं डावीकडे बघायचं, दुसरं बोलताना थोडं उजवीकडे. मान ३० अंश वळली तरी पुरते. वेगवेगळे आवाज काढायच्या भानगडीत अभिनयाची सवय नसलेल्याने पडू नये. म्हाताऱ्याचा थरथरता आवाज दुसऱ्या वाक्याला विनोदी होतो.

तुमच्याऐवजी एखादा नट किंवा नटी अभिवाचन करणार असेल तर त्यांच्या प्रतीत उच्चारांच्या खुणा हव्यात. ‘जरा’ म्हणजे थोडं की म्हातारपण, यावर त्यातला ज ठरतो. बोलीतले शब्द, आडनावं, गावांची नावं एकदा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली की काम होतं.

कागद

पुस्तक हातात धरून वाचणं छान दिसतं, पण नवी कोरी कादंबरी एका हाताने उघडी राहत नाही. बळ लावून पाठ मोडली तर चिकटवलेली पानं सुटतात. दौऱ्यासाठी एक प्रत वेगळी काढा आणि तिची बांधणी आधीच सैल करून घ्या: पुढून वीसेक पानं, मागून वीसेक पानं अशी आळीपाळीने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत यायचं.

मजकुरात बरीच काटछाट केली असेल तर छापील कागदच सोयीचे. १६ ते १८ पॉइंट टाइप, ओळींमधे दीडपट अंतर, कागदाची एकच बाजू, आणि प्रत्येक पानाचा खालचा तिसरा हिस्सा कोरा. ओळी तळापर्यंत गेल्या की मान खाली जाते, घसा दबतो आणि आवाज छातीत पडतो. पान वाक्याच्या शेवटावरच संपावं. पिना मारू नका. पानं उलटण्याऐवजी बाजूला सरकवायची, म्हणजे माईकमधे कागदाची खसखस येत नाही. आणि पानांना क्रमांक हवेतच, कारण सुटी पानं कधी ना कधी हातातून पडतातच.

मोबाईलवरून वाचू नका. पडदा मधेच काळा होतो, वरून संदेश उतरतात, आणि खालून येणाऱ्या उजेडात चेहरा आजारी दिसतो. टॅबलेट चालेल, पण विमान-मोडमधे, आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकून, आणि छापील प्रत पिशवीत ठेवून.

माईक आणि खोली

माईक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, साधारण मुठीएवढ्या अंतरावर, आणि समोर न धरता किंचित बाजूला. मराठीत महाप्राण व्यंजनं पावलोपावली येतात. फ, भ, थ, ख यांचा श्वास आणि प, ब यांचा स्फोट सरळ माईकवर आदळला की ‘भिंत’ म्हणताना भिंतच पडल्यासारखा आवाज येतो. माईक ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत ठेवला की श्वास बाजूने निघून जातो.

हातातला माईक आणि सुटे कागद एकत्र जमत नाहीत. स्टँड हवाच, आणि तो आठवडाभर आधी लेखी मागून ठेवावा. कॉलरला लावायचा छोटा माईक मुलाखतीला ठीक, वाचनाला नाही: मान वळली की आवाज पडतो, आणि वर सांगितलेली डावी-उजवीकडची नजर मग वापरता येत नाही.

आवाजाची तपासणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून करू नका. उताऱ्यातलं सगळ्यांत मोठ्याने म्हणायचं आणि सगळ्यांत हळू म्हणायचं, अशी दोन वाक्यं म्हणा आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवून विचारा. रिकामी खोली जास्त घुमते. माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून तपासणीत थोडं घुमलं तर घाबरू नका. शिट्टी वाजू लागली तर माईक स्पीकरच्या पुढे आलाय का, ते बघा. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी वाढते.

वाचायच्या जागेवर उजेड वरून किंवा बाजूने हवा. समोरच्या प्रखर दिव्यात कागद पांढराफटक दिसतो आणि श्रोते दिसतच नाहीत. चष्म्याचा नंबर उभं राहून वाचण्याच्या अंतराशी जुळतो का, हे घरीच बघून घ्या.

खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडा आणि जादाच्या बाजूला रचून ठेवा. ३० माणसं ३० खुर्च्यांत गर्दी वाटतात, १०० खुर्च्यांत फजिती वाटते. दार मागच्या बाजूला हवं, नाहीतर उशिरा येणारा प्रत्येक जण तुमच्या आणि श्रोत्यांच्या मधून जातो. पुस्तकांचं टेबल बाहेर पडायच्या वाटेवर असावं, मंचाच्या कोपऱ्यात नाही.

दौऱ्याची आखणी

यजमानांशी बोलणं प्रकाशनाच्या चार-पाच महिने आधी सुरू करा. पुस्तकविक्रेते, ग्रंथालयं, महाविद्यालयं, वाचकमंडळं, साहित्यसंमेलनं, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. संमेलनांचं सर्वांत लवकर ठरतं. पहिल्या पत्रात पुस्तकाची स्तुती नको. कार्यक्रम कसला, किती वेळाचा, दोन पर्यायी तारखा, तुम्हाला काय लागेल आणि तुम्ही काय कराल (त्या भागातल्या कुणाकुणाला कळवू शकता, मंचावर तुम्हाला प्रश्न विचारणारा संवादक आणणार का), एवढं १५ ओळींत.

छपाई लांबते. बाइंडिंगला उशीर होतो, मुखपृष्ठाचा रंग चुकतो, गठ्ठे कुठल्यातरी गोदामात अडकतात. लेखक पोचला आणि पुस्तकं पोचली नाहीत, हा दौऱ्यांमधला सर्वांत जुना अपघात आहे. बाहेरचा पहिला कार्यक्रम प्रकाशनाच्या ठरलेल्या तारखेनंतर किमान तीन आठवड्यांनी ठेवा, आणि प्रती पोचल्याचा फोन कार्यक्रमाच्या चार दिवस आधी स्वतः करा. ‘पाठवल्यात’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘मोजून घेतल्यात’ हे हवं.

पहिला कार्यक्रम छोट्या, घरच्यासारख्या ठिकाणी करा. ज्या कार्यक्रमाला समीक्षक आणि वार्ताहर येणार तो तिसरा किंवा चौथा असू द्या. तोवर कुठे हशा येतो, कुठे खुर्च्या करकरतात हे कळलेलं असतं. सलग तीन दिवसांनंतर एक दिवस पूर्ण मोकळा. कार्यक्रमाच्या गावी दुपारपर्यंत पोचायचं. संध्याकाळी सहाच्या वाचनासाठी पाचला पोचणारी गाडी म्हणजे जुगार. या बाबतीतही डिकन्सची आठवण ठेवण्यासारखी आहे: १८६९ च्या निरोपाच्या दौऱ्यात तो इतका खचला की डॉक्टरांनी दौरा मधेच थांबवायला लावला. घसा हा स्नायूंचा भाग आहे. कार्यक्रमाच्या दिवशी प्रवासात वाऱ्यावर तासन्‌तास गप्पा मारल्या तर रात्री तो बसतो. कुजबुजणं त्याहून वाईट, गप्पच बसावं. पाणी साधं प्यावं, गार नाही.

पैशांचा हिशेब आधीच मांडून बघा, नंतर कडवटपणा येत नाही. खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे छापील किमतीच्या १० टक्के रॉयल्टी धरा. एका मुक्कामाचा सगळा खर्च २० प्रतींच्या छापील किमतीइतका आला, तर तो रॉयल्टीतून निघायला २०० प्रती खपायला हव्यात. एका संध्याकाळी तसं फारसं होत नाही. हाच खर्च, प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीत घेतलेल्या प्रती स्वतः विकल्या तर ५० प्रतींत निघतो. पण करारात त्याची मुभा आहे का, ते बघा. आणि कार्यक्रम पुस्तकाच्या दुकानात असेल तर पिशवीतून स्वतःच्या प्रती काढणं सरळसरळ अन्याय आहे. प्रवास, राहणं आणि मानधन यातलं कोण काय देणार, हे तारीख पक्की करतानाच लेखी घ्या.

प्रती किती न्यायच्या? ३०० पानी डेमी आकाराचं (साधारण १४ × २१.५ सेंटिमीटर) पुस्तक ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर साधारण ३५० ग्रॅम भरतं. ४० प्रती म्हणजे १४ किलो. त्या खांद्यावर घेऊन फिरू नका. अपेक्षित श्रोत्यांच्या निम्म्या प्रती आधी पोचवा आणि स्वतःजवळ फक्त पाच-सहा ठेवा. खोक्यात पुस्तकं आडवी ठेवा, पाठी आळीपाळीने उलटसुलट, आणि मोकळ्या जागेत कागद कोंबा, नाहीतर कोपरे दुमडतात आणि त्या प्रती परत घेताना विक्रेता नाक मुरडतो.

प्रश्नोत्तरं

पहिला प्रश्न कुणीच विचारत नाही. संवादकाकडे तो तयार असू द्या. प्रश्न आला की तो माईकवर पुन्हा सांगा. मागच्या रांगांना ऐकू जातो, आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात.

‘हे तुमच्याच घरातलं ना?’ हा प्रश्न येणारच, आणि घरचं माणूस समोर बसलेलं असतानाच येणार. कुठवर सांगायचं ती रेघ आधी ठरवा. ‘यातलं स्वयंपाकघर खरं आहे, त्यात बसलेली माणसं नाहीत’ अशा धाटणीचं, तुमच्या पुस्तकाला लागू पडणारं एक उत्तर तयार असलं की चिडायची वेळ येत नाही. प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्याला थांबवायचं तर त्याच्या बोलण्यातला एक शब्द उचला: ‘तुम्ही आता ‘स्थलांतर’ म्हणालात, त्यावरून सांगतो…’ आणि उत्तर देताना नजर दुसऱ्या बाजूच्या श्रोत्यांकडे न्या.

ज्यांचं पुस्तक वाचून झालंय अशा वाचकमंडळात हे सगळं गणित बदलतं. तिथं सुरुवातीचा उतारा वाचू नका. शेवटाकडचा एखादा तुकडा किंवा अंतिम खर्ड्यातून वगळलेलं पान वाचा आणि उरलेला वेळ ऐका.

आणि पाचच माणसं आली तर? माईक बंद करा, खुर्च्या गोल करा, ८ ऐवजी ४ मिनिटं वाचा आणि गप्पा मारा. न आलेल्यांबद्दल एक शब्दही नको. माफी नको, विनोदही नको. आलेल्या पाचांना ते ऐकायची काही गरज नसते.

स्वाक्षऱ्या आणि हिशेब

एका स्वाक्षरीला मिनिटभर धरा. ४० जणांची रांग म्हणजे पाऊण तास. सभागृह किती वाजेपर्यंत आपलं आहे हे आधी विचारा. रांगेतल्यांना कोऱ्या चिठ्ठ्या देऊन ज्याचं नाव हवं ते त्यांच्याच हातून लिहून घ्या. ‘निता’ की ‘नीता’, हे ऐकून कळत नाही, आणि चुकीची वेलांटी कपाटात वर्षानुवर्षं राहते.

पेन कागद बघून निवडा. आतला खरखरीत कागद शाईच्या पेनाची शाई पिऊन टाकतो, पलीकडच्या पानावर डाग उमटतो. गुळगुळीत कागदावर जेल पेन लवकर वाळत नाही आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. पुस्तकाच्याच एका प्रतीवर चार पेनं घरी तपासा, आणि टिपकागदाचे तुकडे जवळ ठेवा.

कार्यक्रमाआधी आणि नंतर विक्रेत्यासोबत प्रती मोजा; विकलेल्या, भेट दिलेल्या आणि खराब झालेल्या असे तीन आकडे चलनावर लिहून दोघांच्या सह्या. न विचारता सगळ्या उरलेल्या प्रतींवर सह्या करून टाकू नका, सही केलेली प्रत परत घेतली जाईलच असं नसतं. विक्रेत्याला हव्या असतील तर दोन-तीन पुरे. दोन दिवसांच्या आत यजमानाला आभाराचा निरोप जाऊ द्या.

त्याच रात्री वाचनप्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर नोंद करा: कोणता उतारा, किती मिनिटं, हशा कुठे, कोणते प्रश्न. आठ-दहा कार्यक्रमांनंतर ही मिनिटं बघा. सुरुवातीला ८ मिनिटं लागणारा उतारा सव्वासातला संपू लागला असेल, तर तो तुम्हाला पाठ झालाय आणि तुम्ही तो म्हणून मोकळे होताय. तो बाजूला ठेवा आणि दुसरा बसवायला घ्या, पुन्हा घड्याळ लावून.